थांबणं कुणाला परवडतं

२४ नोव्हेंबर, सोमवार. कऱ्हाड

थंडी पडली आणि कानाचे पेशंट सुरू झाले. आधी नुसती सर्दी असते, मग तीन-चार दिवसांनी तीच पोरांच्या कानात उतरते. आडवं झालं की कानातला दाब वाढतो, म्हणून ठणका बहुधा रात्रीच लागतो. सोमवारच्या ओपीडीत रविवार रात्रीची जागरणं बाकावर ओळीने बसलेली असतात.

चार वर्षांचा मुलगा, वजन १६ किलो. वडील बँकेत. रात्री एकला उजव्या कानावर हात दाबून उठला तो पहाटेपर्यंत आईच्या खांद्यावर. पहाटे पॅरासिटॅमॉल दिल्यावर शांत झाला, आणि माझ्यासमोर वजनकाट्याशी खेळत होता. ताप १००.८. उजवा पडदा फुगलेला, डावा स्वच्छ. मध्यकर्णाचा संसर्ग, एकाच बाजूचा, सौम्य.

वडील म्हणाले, "मॅडम, आजच अँटिबायोटिक सुरू करू ना. मोठ्याला असंच झालं होतं, तिसऱ्या डोसला खडखडीत बरा."

दोन चिठ्ठ्या लिहिल्या. पहिलीवर पॅरासिटॅमॉल, २४० मिलिग्रॅम, दर सहा तासांनी. रडेपर्यंत वाट बघायची नाही, पहिले दोन दिवस वेळेवर द्यायचं. दुसरीवर अमॉक्सिसिलिन आणि वर लाल पेनाने, 'बुधवारी संध्याकाळी ताप किंवा ठणका टिकून असेल तरच आणावे.' त्याआधी ताप १०२च्या वर गेला, कानामागे सूज आली, कान वाहू लागला किंवा पोरगं मलूल पडलं तर बुधवारची वाट न बघता सरळ इकडे यायचं.

वडिलांना ही दुसरी चिठ्ठी म्हणजे डॉक्टरांची चालढकल वाटली असावी. आईने मात्र नेमकं विचारलं, "आणि रात्री दोनला रडायला लागला तर?"

"तर फोन करा. मी उचलते."

२५ नोव्हेंबर, मंगळवार

या दुखण्यात औषध लिहिणं सोपं, कान बघणं अवघड. दीड वर्षाचं पोरगं. आजीच्या मांडीवर आडवं, आजीचा एक हात त्याच्या दोन्ही हातांवर, दुसरा कपाळावर, पाय तिच्या गुडघ्यांत. मी माझी करंगळी त्याच्या गालावर टेकवते, म्हणजे त्याने मान झटकली तरी ओटोस्कोप त्याच्याबरोबर हलतो, आत टोचत नाही. आज नळीच्या टोकाला पिवळं तेल आलं. सोबत लसणीचा करपलेला तुकडा.

"काल लसूण कडवून कोमट तेल सोडलं बाई. आमच्यात तेच घालतात."

"आजी, तेल पडद्याच्या अलीकडे राहतं. दुखणं पलीकडे असतं. आणि पडद्याला भोक असलं तर तेच तेल आत जाऊन घाण करतं."

"मग माझी पाचही पोरं तेलावरच बरी झाली ती?"

आजींचा प्रश्न आणि काल बँकवाल्यांनी सांगितलेली तिसऱ्या डोसची हकिगत, दोन्हींचा न्याय एकच. कावळा बसायला आणि फांदी तुटायला. पोरगं बरं व्हायच्याच बेतात असतं, त्या वेळी जे हाताशी असेल त्याला श्रेय मिळतं. आजींच्या घरात ते तेलाला मिळालं, बँकवाल्यांच्या घरात बाटलीला.

तेल टिपून घेतलं आणि पडदा दिसला. निरोगी पडदा मोतिया-करडा असतो, थोडा आरपार दिसणारा, खालच्या अंगाला प्रकाशाचा एक त्रिकोण. हा लाल होता. पण पोरगं टाहो फोडत होतं, आणि रडणाऱ्या पोराचा पडदा तसाही लाल होतो. लालीवर भरवसा ठेवायचा नाही. पडदा बाहेर फुगलाय का आणि रबरी फुग्याने हवेची फुंकर मारली की हलतो का, हे बघायचं. हा फुगलेला नव्हता, छान हलत होता. म्हणजे कानाचं काही नाही, नुसती सर्दी. अमेरिकेच्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ साली नियम सुधारले तेव्हा पडदा फुगण्यावर मुद्दाम भर दिला, कारण नुसत्या लाल कानाला 'इन्फेक्शन' म्हणून औषधं सर्रास जात होती. अँटिबायोटिकची पहिली बचत निदानातच होते. थांबायचं की द्यायचं हा प्रश्न त्यानंतरचा.

आजींना जाताना कागदावर चित्र काढून दाखवलं. नाकाच्या मागून कानात एक नळी जाते. मोठ्यांची लांब आणि तिरकी, पोरांची आखूड आणि जवळजवळ आडवी. सर्दीने ती नळी सुजते, बंद होते, आत पाणी साचतं आणि नाकातले जंतू त्यात वाढतात. रोग नाकातून आत येतो, बाहेरच्या वाऱ्याने नाही. कानात बोळा घातला तरी काही अडत नाही. आजींनी चित्र बघितलं, मान डोलावली आणि दाराबाहेर पोचताच पोराच्या दोन्ही कानांत कापूस घातला.

२६ नोव्हेंबर, बुधवार, रात्र

बँकवाल्यांचा फोन. मुलगा काल रात्रभर झोपला, आज ताप नाही, दुसरी चिठ्ठी टीव्हीखालच्या खणात आहे. "ती फाडू का?" "फाडा."

ही थांबून बघण्याची पद्धत माझी नव्हे. तिचं मूळ नेदरलँड्समध्ये आहे. टिलबर्ग शहरातल्या फान ब्यूखेम या कानाच्या डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ साली ४,८६० मुलांचा अनुभव छापला. २ ते १२ वर्षांची मुलं, पहिले तीन-चार दिवस फक्त नाकाचे थेंब आणि वेदनाशामक. नव्वद टक्क्यांहून जास्त मुलं काही दिवसांत बरी झाली. २.७ टक्क्यांचं दुखणं वाढलं. कानामागचं हाड पिकण्याचा प्रकार, ज्याला सगळे घाबरतात, तो दोघांत दिसला. १९९० मध्ये डच फॅमिली डॉक्टरांच्या संघटनेने थांबण्याचा नियमच केला.

ब्रिटनमध्ये पॉल लिटल आणि मंडळींनी २००१ साली ३१५ मुलांवर दोन रस्ते ताडून पाहिले. निम्म्यांना लगेच औषध, निम्म्यांना ७२ तासांनंतर 'लागलं तरच घ्या'. थांबलेल्यांपैकी २४ टक्के पालकांनीच शेवटी औषध घेतलं. लगेच औषध घेतलेल्यांचं दुखणं सुमारे एक दिवस आधी आटोपलं. पण पहिल्या चोवीस तासांत, जेव्हा पोरगं सगळ्यात जास्त रडतं, तेव्हा फरक जवळजवळ नव्हता. जुलाब मात्र लगेच घेतलेल्यांत १९ टक्के, थांबलेल्यांत ९ टक्के.

सगळे अभ्यास एकत्र मांडणाऱ्या कोक्रेनच्या आढाव्याचा हिशेबही असाच आहे. औषध द्या न द्या, चोवीस तासांत ६० टक्के मुलं सावरतात. वीस मुलांना अँटिबायोटिक दिलं तर दोन-तीन दिवसांनी त्यातल्या एकाचं दुखणं त्या औषधामुळे गेलेलं असतं. आणि चौदा मुलांना दिलं तर एकाला त्याच औषधामुळे उलटी, जुलाब किंवा पुरळ.

पहिल्या रात्रीचा ठणका अँटिबायोटिक थांबवत नाही. तो पॅरासिटॅमॉल थांबवतं, तेही वजनाप्रमाणे दिलं तर. 'अर्धा चमचा' या मापाने दिलं तर पोरगं रडत राहतं, घरचे घाबरतात आणि दुसऱ्या दिवशी अँटिबायोटिक मागायला येतात.

२९ नोव्हेंबर, शनिवार

आज उलटा प्रकार. अकरा महिन्यांचा मुलगा, आई पुण्याला आयटीत, सध्या माहेरी आलेली. ताप १०२.६, रात्रभर रडणं, दोन्ही पडदे टरारून फुगलेले.

"मॅडम, याला अँटिबायोटिक द्यायचं नाहीये. पोटातले चांगले बॅक्टेरिया मरतात. मी वाचलंय, वेट अँड वॉच करतात."

"करतात. याच्यासाठी नाही करत."

तिने वाचलेलं खरंच होतं, पण ते सगळ्या मुलांना सारखं लागू होत नाही. सहा जुन्या चाचण्यांमधल्या मुलांची माहिती एकत्र करून २००६ साली एक विश्लेषण निघालं. दोन वर्षांखालची मुलं आणि दोन्ही कान, या गटात चार मुलांना औषध दिलं की एकाला नक्की फायदा. कान वाहत असेल तर तिघांत एकाला. पुढे २०११ साली एकाच वैद्यकीय साप्ताहिकाच्या एकाच अंकात पिट्सबर्ग आणि फिनलंडमधलं तुर्कू इथले दोन अभ्यास आले, दोन्ही लहानग्यांवरचे आणि पडदा काटेकोर तपासून निवडलेल्यांवरचे. पिट्सबर्गला दहा-बारा दिवसांनी उपचार फसलेले, औषध घेतलेल्यांत १६ टक्के आणि नुसतं बनावट औषध घेतलेल्यांत ५१ टक्के. तुर्कूला साधारण १९ आणि ४५.

म्हणून नियम असा उतरला. सहा महिन्यांखाली थांबायचं नाही. दोन वर्षांखाली दोन्ही कान असतील तर थांबायचं नाही. ताप १०२.२च्या पुढे, ठणका जोराचा किंवा अठ्ठेचाळीस तास टिकलेला, कान वाहणारा, तर कुठल्याही वयात थांबायचं नाही. उरलेल्यांत, म्हणजे मुख्यतः दोन वर्षांपुढच्या साध्या दुखण्यात, आईबापांशी बोलून दोन-तीन दिवस थांबता येतं.

तिला हे सगळं सांगितलं. जुलाब होतील कदाचित, हेही सांगितलं. तुर्कूच्या अभ्यासात औषध घेणाऱ्यांपैकी जवळजवळ निम्म्या मुलांना झाले होते. लपवून काय उपयोग? दोन दिवसांनी लंगोट बदलताना तिला कळणारच. डोस वजनावर, किलोला ८० ते ९० मिलिग्रॅम रोज, दोन वेळांत वाटून. जास्त वाटतो तो, पण कानापर्यंत पोचून पेनिसिलिनला निर्ढावलेल्या न्यूमोकोकस जंतूला मारायचं तर तेवढाच लागतो. दिवस दहा. पाच दिवसांत काम भागतं का तेही पिट्सबर्गच्याच मंडळींनी २०१६ मध्ये बघितलं. दोन वर्षांखाली पाच दिवसांत ३४ टक्के फसले, दहा दिवसांत १६.

पावडरीच्या बाटलीत पाणी कसं घालायचं ते तिच्यासमोर करून दाखवलं. बाटली आधी आपटून पावडर मोकळी करायची. उकळून गार केलेलं पाणी अर्ध्यापर्यंत, झाकण लावून हलवायचं, फेस बसू द्यायचा, मग खुणेपर्यंत. फेस धरून खूण गाठली तर पाणी कमी पडतं. औषध लवकर संपतं म्हणून वर पाणी घातलं तर डोस पातळ होतो. तिचे वडील शेजारी उभे होते. म्हणाले, "एवढं शिकली पोर, पण हे कुणी शिकवलं नव्हतं."

सोमवारी मागणाऱ्याला दिलं नाही, आज नको म्हणणारीला दिलं. गावात माझ्याबद्दल काय बोलत असतील कोण जाणे.

२ डिसेंबर, मंगळवार

दवाखान्याखालच्या मेडिकलमध्ये जरा उभी होते. एक बाई आल्या. "मागच्या वेळचं ते कानाचं केशरी औषध द्या." चिठ्ठी नाही. दुकानदारांनी माझ्याकडे बघितलं आणि त्यांना म्हणाले, "मावशी, डॉक्टर वरच आहेत." मी उभी नसते तर काय म्हणाले असते, ते मी विचारलं नाही.

त्यांची वही मात्र मला आवडते. सेफिक्झिमसारखी वरच्या पायरीची अँटिबायोटिक मार्च २०१४ पासून एच-वन यादीत आहेत. पेशंटचं नाव, डॉक्टरांचं नाव आणि दिलेलं प्रमाण वहीत लिहून ती तीन वर्षं जपायची. २०१६ पासून, चिठ्ठीशिवाय घेऊ नका असं सांगणाऱ्या, गोळ्यांच्या पट्टीवरच्या लाल रेषेची मोहीमही झाली. तरी कानाला सेफिक्झिम सर्रास जातं. न्यूमोकोकसवर ते साध्या अमॉक्सिसिलिनपेक्षा कमी पडतं, पण 'भारी' औषध म्हणून त्याचा मान मोठा.

अँटिबायोटिकचा हा मान जुना आहे. पिंपरीचा हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा कारखाना १९५४ साली उभा राहिला आणि पेनिसिलिन देशात बनू लागलं. ज्या पिढीने त्याआधीचे दिवस पाहिले, तिला या औषधाचा अचंबा होता. फ्लेमिंगने १९४५ च्या नोबेल भाषणातच सांगून ठेवलं होतं की अपुऱ्या डोसने जंतू औषधाला सरावतील. घरात उरलेली अर्धी बाटली धाकट्याला 'थोडी थोडी' देणं म्हणजे नेमकं तेच.

७ डिसेंबर, रविवार

साखर कारखान्याच्या पलीकडे ऊसतोडवाल्यांच्या खोपींवर तपासणी. बीडकडच्या टोळ्या. दुपारी बरेचसे फडात. म्हातारी माणसं, पोरं आणि तान्ह्या लेकरांच्या आया तेवढ्या मागे. पाचटाच्या खोपी, दारात चूल, धूर सरळ आत. कानाच्या दुखण्याला सर्दीनंतर दुसरं निमंत्रण धुराचंच.

अडीच वर्षांचा मुलगा. कालपासून डाव्या कानाला हात लावतोय. ताप १००.४, एकच कान, पडदा फुगलेला. पोटात अन्न आहे, खेळतोय. त्या बँकवाल्या मुलाचीच स्थिती, वयाने थोडा लहान एवढंच. नियमाप्रमाणे थांबता येतं.

"ताई, दोन दिवसांनी याला पुन्हा दाखवायला लागेल."

"परवाच्याला आमी हलणार जी. मुकादम म्हणला, फड बदलायचा हाय."

"कुठे?"

"त्ये मला कुटं ठावं? गाडी जाईल तिकडं."

"फोन?"

"मालकाकडं असतोय. त्यो रातीला तीन वाजताच गाडी जुपतोय."

पाच दिवसांचं अमॉक्सिसिलिन दिलं. बाटलीत पाणी मीच घातलं, मापाच्या टोपणावर नखाने खूण केली, पहिला डोस तिथेच पाजला. लहान मुलांच्या आजारांसाठी आरोग्यसेविका वापरतात त्या आयएमएनसीआयच्या पुस्तिकेतही हेच आहे. लेकराचा कान दुखतोय किंवा चौदा दिवसांच्या आतला पू आहे, तर पाच दिवस अँटिबायोटिक आणि पॅरासिटॅमॉल. कानामागे दुखरी सूज असेल तर पहिला डोस देऊन ताबडतोब मोठ्या दवाखान्यात. दोन-तीन दिवस थांबण्याचा रकाना त्यात नाही.

मग त्याची बहीण. सात-आठ वर्षांची. मी नाव विचारलं, ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. ओठ हलतात तिकडे नजर.

"हिला हाका मारून मारून तोंड दुखतंय. ऐकतच न्हाई. लई हट्टी."

उजवा कान वाहत होता. वास येत होता. कधीपासून? मागच्या सालच्या फडापासून. म्हणजे गेल्या हंगामातला ठणका, तेव्हा कुणी बघितला नाही, पडदा फुटला, ठणका थांबला, सगळ्यांना वाटलं बरं झालं. आणि पू तेव्हापासून येतोय. दुसऱ्या कानाच्या पडद्यालाही भोक. हट्टी कसली, तिला ऐकूच येत नाही.

अशा जुन्या वाहत्या कानाला पोटातल्या अँटिबायोटिकचा फारसा उपयोग नाही. कान कोरडा करायचा, मग थेंब. आईला दाखवलं. धुतलेल्या सुती कापडाची वात, पणतीला करतो तशी पण जाड. कानात सरकवायची, ओली झाली की काढायची, दुसरी घालायची, वात कोरडी निघेपर्यंत. दिवसातून तीनदा. त्यावर सिप्रोफ्लॉक्सासिनचे थेंब, दोन आठवडे. आंघोळीला कानात पाणी जाऊ द्यायचं नाही. आईने माझ्यासमोर तीन वाती केल्या. तिसरी कोरडी निघाली तेव्हा पोरगी स्वतःच कानाला हात लावून बघत होती.

८ डिसेंबर, सोमवार

काल रात्री दोन पुस्तिका शेजारी शेजारी ठेवून वाचल्या. अमेरिकेची म्हणते, निवडक मुलांत थांबा. आयएमएनसीआय म्हणते, कान दुखतोय तर द्या. वरवर वाटतं, एक शहाणी आणि एक जुनाट. पण अमेरिकेच्या नियमात थांबण्याला एक अट जोडलेली आहे. अठ्ठेचाळीस ते बहात्तर तासांत मूल सुधारलं नाही तर औषध सुरू होईल याची सोय आधी हवी. टिलबर्गच्या त्या ४,८६० मुलांची सुद्धा तीन-चार दिवसांनी कुणीतरी खबर घेत होतं. जंतू तिकडेही तेच आणि इकडेही तेच. फरक परतीच्या रस्त्याचा.

वाहत्या कानांचं प्रमाण ४ टक्क्यांच्या वर गेलेला समाज म्हणजे तातडीने हात घालण्याची जागा, असं जागतिक आरोग्य संघटना मानते. भारताचं नाव त्या यादीत आहे. आणि त्याच भारतात, त्याच तालुक्यात, साध्या सर्दीला सेफिक्झिमही जातं. औषध जिथे नको तिथे धो धो, आणि जिथे हवं तिथे ते पोचायलाच एक साल लागतं. 'अँटिबायोटिक कमी वापरा' एवढंच म्हटलं की यातलं पहिलं अर्धं दिसतं.

बँकवाल्यांना मी थांबायला सांगू शकले, कारण त्यांच्या खिशात फोन आहे आणि दारात स्कूटर. खोपीवरल्या बाईला तेच सांगितलं असतं तर तो शास्त्रशुद्ध उपचार ठरला नसता. तिला वाऱ्यावर सोडणं झालं असतं.

१२ डिसेंबर, शुक्रवार

धावपळीचा अर्धा तास. सहा वर्षांच्या मुलीच्या कानामागे गाठ, आई रडवेली. नुकताच कान दुखून गेलेला. हाताने बघितलं. कानाची पाळी पुढे ढकललेली नाही, कानामागची घडी जशीच्या तशी, गाठ वाटाण्याएवढी आणि बोटाखाली सरकणारी. डोक्यात उवा, खाजवून खपल्या. त्याचीच अवधाणाची गाठ. हाड पिकलं तर घडी भरून जाते, पाळी पुढे-खाली झुकते आणि बोट लावू देत नाहीत.

इंटर्न मुलगा विचारत होता, या हाड पिकण्याला एवढं का घाबरायचं? त्याला वाइल्ड बापलेकांची गोष्ट सांगितली. सर विल्यम वाइल्ड हे डब्लिनचे नामवंत कर्णशल्यविशारद. कानामागे चीर देऊन पू काढायच्या पद्धतीला त्यांचं नाव आहे. त्यांचा मुलगा ऑस्कर, लेखक. नोव्हेंबर १९०० मध्ये पॅरिसमध्ये वारला तो कानाचं दुखणं मेंदूच्या आवरणापर्यंत पोचून, असंच बहुतेक मानतात. अँटिबायोटिकच्या आधीचा कान तो असा होता.

आजचा हिशेब वेगळा. ब्रिटनमधल्या लाखो मुलांच्या नोंदींवरून २००९ साली निघालेला आकडा आहे. हाड पिकण्याची एक घटना टाळायला ४,८३१ कानदुख्यांना अँटिबायोटिक द्यावं लागेल. त्या भीतीपोटी सगळ्यांना औषध पाजण्यात अर्थ नाही. घरच्यांनी रोज कानामागे बोट फिरवून बघण्यात आहे, आणि काही वेगळं लागलं तर लगेच येण्यात.

१६ डिसेंबर, मंगळवार

लसीकरणाचा दिवस. न्यूमोकोकसची लस सहा आठवडे, चौदा आठवडे आणि नऊ महिने, सरकारी दवाखान्यात फुकट. देशात २०१७ मध्ये काही राज्यांपासून सुरुवात झाली, २०२१ मध्ये सगळीकडे आली. त्याच सुमारास पुण्याच्या सीरमची स्वतःची लसही निघाली, म्हणून भाव उतरला. मूळ उद्देश न्यूमोनियाचा. कानाचा फायदा बेताचाच, कारण कानात हिमोफिलस आणि मोराक्सेला हेही भाडेकरू असतात. पण बेताचा फायदा लाखो पोरांत वाटला की थोडा राहत नाही.

एका नवख्या आईला बाळाला आडवं ठेवून बाटली न पाजण्याबद्दल सांगत होते. तिची सासू पटकन म्हणाली, "मी केव्हाची सांगतीय, दूध कानात जातं." आजच्या दिवसात माझं आणि एका सासूचं एकमत झालं.

२० डिसेंबर, शनिवार

बँकवाला मुलगा फेरतपासणीला. ठणका नाही, ताप नाही. आईची तक्रार, टीव्ही मोठा लावतो. पडद्यामागे पाणी दिसतंय. संसर्ग संपला तरी पाणी रेंगाळतं. महिन्याने सुद्धा सुमारे ४० टक्के मुलांत असतं, तीन महिन्यांनी १० ते २५ टक्क्यांत. त्याला पुन्हा अँटिबायोटिक नको. तीन महिने वाट बघायची, तेव्हाही असेल तर ऐकण्याची तपासणी. तोवर त्याच्याशी समोरून बोलायचं आणि शाळेत पुढच्या बाकावर बसवायचं. वडील या वेळी म्हणाले, "म्हणजे पुन्हा थांबायचंच ना? जमेल."

दुपारी मुकादमाचा फोन. त्या दिवशी त्याचा नंबर मागून घेतला होता. धाकटा बरा आहे. टोळी आता वाळव्याकडे. पोरीचा कान 'आधीपेक्षा कमी' वाहतोय. थेंब संपले. शाळांमधून मुलांची तपासणी करणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्या पालघरमधूनच सुरू झाला आणि वाहता कान त्याच्या यादीत आहे. पण पथक तिच्या गावातल्या शाळेत जाईल तेव्हा पोरगी इथे फडात, आणि इथल्या शाळेत येईल तेव्हा तिचं नाव हजेरीत नाही. वाळव्याच्या एका ओळखीच्या डॉक्टरांना फोन करून तिचं सांगितलं, थेंब त्यांच्याकडून मिळतील. ऐकण्याची तपासणी आणि पडद्याचं पुढचं, हंगाम संपून ती गावी जाण्याआधी करायला हवं. मुकादमाला तारीख दिली. "आणतो" म्हणाला. बघू.

संध्याकाळी केसपेपरचे नवे गठ्ठे छापायला टाकले. वजन, ताप आणि लसीकरण यांच्या खाली एक ओळ वाढवून घेतली. 'परत कसे येणार? फोन कुणाचा? पुढचा मुक्काम कुठे?' छापखानेवाल्याने विचारलं, "हे डॉक्टरकीत कशाला?" म्हटलं, ही ओळ भरल्याशिवाय औषध द्यायचं की थांबायचं ते मला ठरवता येत नाही.